वरचे आठ मणी

पहाटे देवपूजा उरकली, गॅरेजच्या किल्लीला कुंकू लावलं आणि ती कमरेला खोचली. एरवी ही किल्ली रात्रभर देवीपुढं असते आणि सकाळी मी ती मालकांच्या हातात देते. त्या रविवारी ती कुणाच्या हातात जायची, हे संध्याकाळी सहाला ठरणार होतं.

आमचे मालक उद्यमनगरातले पिराजी मिस्त्री. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले. गॅरेज पुतण्याला, म्हणजे सम्राटला द्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. पण आमची लेक वर्षाराणी डिप्लोमा करून सहा वर्षं त्याच गॅरेजात इंजिनं उघडते आहे. तिनं एक जुनी सेडान घेतली, आतल्या गाद्याबिद्या काढून टाकल्या, लोखंडी पिंजरा बसवला आणि बापासमोर उभी राहिली.

"आबा, कागलच्या पलीकडं माळावर बारा तासांची रेस हाय. सहा ते सहा. मी बांधलेली गाडी बारा तास पळवून दाखवते."

"आन् निम्म्यात बसली म्हंजे?"

"मग किल्ली सम्राटला द्या."

"आन् सहाच्या झेंड्याखालनं आपल्या चाकांवर गेली, तर तुला. ठरलं."

सम्राट शेजारीच बशीत चहा ओतत होता. "गाडी चालवायला दोघं लागत्यात. मी हाय की," तो म्हणाला. "किल्ली गेली तर जाऊ दे, रेस कोण सोडतंय."

मला काम मिळालं फेऱ्या मोजायचं. आयोजकांची मोजणी यंत्रावर होती, पण त्यांचं टेबल ट्रॅकच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माळावर मोबाईलला रेंज नाही. गाडीला टाकी नवीन बसवलेली, तिला काटा जुळला नव्हता. त्यामुळं पेट्रोलचा सगळा अंदाज फेऱ्यांवर. टाकी भरली की एकशे पंधरा फेऱ्या निघतात, असं वर्षानं आधीच पळवून बघितलं होतं.

"शंभर झाल्या की हात वर कर," मालक म्हणाले. "मग गाडी आत पिटमध्ये घ्यायची, तेल भरायचं, गडी बदलायचा."

मोजायचं म्हटल्यावर माझा हात माळेकडंच गेला. रोज अकरा माळा अंबाबाईच्या नावाच्या, आणि माळ हातात असताना बोलायचं नाही, हा सत्तावीस वर्षांचा नेम. एक फेरी, एक मणी, एक नाव. म्हटलं, मोजणीही होईल आणि नेमही घडेल.

सहाला झेंडा पडला आणि चौदा गाड्या एकदम सुटल्या. तो आवाज कानात नाही, पोटात ऐकू येतो. पहिल्या वळणावर धूळ उठली, टायरचा जळका वास आला आणि त्या धुळीतून आमची पिवळी गाडी बाहेर पडली. मी पहिला मणी सरकवला. अंगावर काटा होता. गाभाऱ्याचं दार उघडताना येतो, अगदी तसा.

माळ संपली, बोटाला मेरुमणी लागला, मी हात वर केला. सम्राट उतरला, वर्षा चढली. मालकांनी कॅनमधून पेट्रोल ओतलं आणि भुवया वर केल्या. त्रेचाळीस लिटर जायला हवं होतं, सत्तेचाळीस गेलं.

"तुझा पाय लई जड हाय गड्या," वर्षा हेल्मेट चढवताना म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ती उतरली तेव्हाही सत्तेचाळीसच गेलं. सम्राटनं हात जोडले. "ताईसाहेब, आता तुमचा पाय?"

दुपार झाली. डांबरावरून वाफा निघत होत्या. कुणाचं इंजिन उकळलं, कुणाचं चाक निघून माळावर पळत सुटलं. चौदातल्या नऊ गाड्या उरल्या आणि आमची त्यात पाचवी. मी पदराखाली माळ धरून होते. घाम, धूळ, भूक काही जाणवत नव्हतं. गाडी समोरून गेली की छाती भरून यायची आणि मणी पुढं जायचा.

पावणेतीनला चौथी माळ संपली. वर्षा उतरली, सम्राट पुन्हा चढून गेला. पेट्रोल परत सत्तेचाळीस. मालक कागद घेऊन बसले. खाली जमिनीवर ओला डाग होता, तो बोटानं चोळून त्यांनी वास घेतला. शेजारच्या पिटमधल्या दोन मिस्त्र्यांना विचारून आले. अर्ध्या तासानं उठले ते फळी आणि खडू घेऊनच.

"गळती हाय," ते म्हणाले. "दर शंभर फेऱ्यांना चार लिटर कुठं जातंय? गरम सायलेन्सरवर थेंब पडला तर गाडी पेटंल. बाहेर काढतो."

वर्षाचा चेहरा उतरला. "आबा, टाकी मी स्वतः तपासलीया. सांधा कोरडा हाय. तो डाग ओतताना सांडल्याचा हाय."

"चारी खेपेला सांडलं व्हय? आत माझ्या भावाचं पोरगं बसलंय, वर्षा. किल्लीपायी त्याला भाजू?"

ते चुकीचं बोलत नव्हते. फळीवर त्यांनी मोठ्या अक्षरात 'आत' लिहिलं आणि सम्राटला दाखवायला ट्रॅकच्या कठड्याकडं निघाले.

माझ्या बोटात चौतिसावा मणी होता. मनात मात्र तो शब्द अडकला. दर शंभर फेऱ्यांना. कुठल्या शंभर? आमच्या घरी माळेला शंभरच म्हणतात. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: मणी एकशे आठ, पण धरायचे शंभर. वरचे आठ चुकांचे. नाव घेताना जीभ अडखळते, मन भलतीकडं जातं, त्याची भरपाई. मी सत्तावीस वर्षं एक माळ झाली की शंभर म्हणत आले. सकाळपासूनही तेच.

मी हाक मारली. माझा आवाज मुळात लहान, त्यात गाड्यांचा कल्लोळ. कुणाला ऐकू गेला नाही. मालक फळी वर उचलत होते. मी पुढं झाले आणि उजव्या हातातला मणी अंगठ्यानं घट्ट दाबून डाव्या हातानं फळी धरली.

"मालक, शंभर नव्हं. एकशे आठ झाल्यात. दर खेपेला."

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माळेकडं. माळ हातात असताना मी कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. दारात साप निघाला होता तेव्हासुद्धा मी काठी दाखवली होती, शब्द नव्हता काढला.

"वरचे आठ मी धरलेच न्हाईत," मी म्हणाले. "ते चुकांचे असत्यात."

वर्षा पळतच सुटली. पिटच्या मागून, कुंपणाच्या कडेनं, ते जड रेसचे कपडे घालून भर उन्हात त्या दुसऱ्या टोकाला, आयोजकांच्या टेबलाकडं. मालक फळी छातीशी धरून उभे. गाडी गेली, मी मणी सरकवला. परत गेली, परत सरकवला. प्रत्येक वेळी त्यांची नजर गाडीच्या पोटाखाली.

वर्षा परत आली तेव्हा तिला बोलवेना. गुडघ्यांवर हात टेकून तिनं आकडा सांगितला. "चारशे एकोणसत्तर. येताना दोन फेऱ्या गेल्या."

"म्हंजे एकाहत्तर," मालक म्हणाले. "तुझ्या हातात कितवा?"

"एकोणचाळीस."

त्यांनी कागदावर चार माळा मांडल्या. चारशे बत्तीस. त्यात एकोणचाळीस मिळवले. मग एकशे आठ फेऱ्यांचं पेट्रोल काढलं. जवळपास सत्तेचाळीस लिटर. गाडी एक थेंब गळत नव्हती. त्यांनी खडूनं लिहिलेलं 'आत' तळहातानं पुसलं.

"चार माळांत बत्तीस फेऱ्या देवीला वाहिल्यास व्हय," ते म्हणाले. "आन् हिकडं मी पोरीची गाडी बाहेर काढत होतो."

पाचच्या सुमारास सम्राट आत आला. झालेलं ऐकून खाली बसून हसला. "काकू, माझा पाय जड न्हवता हे एकदा ताईसाहेबांना मोठ्यानं सांगा की."

शेवटचा तास वर्षाचा. सव्वापाचला सायलेन्सर सुटला आणि गाडी बैलासारखी हंबरायला लागली. मालक कठड्यावर वाकले. "पळतीया तवर हंबरू दे," सम्राट म्हणाला, पण त्याची मूठ पांढरी झाली होती. सूर्य माळाच्या कडेला टेकला. माझ्या बोटात एकोणपन्नासावा मणी आला आणि समोर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलायला लागला. हंबरत, धुळीनं माखलेली, पुढचा दिवा फुटलेली आमची गाडी त्याखालून आपल्या चाकांवर गेली. नंबर चौथा.

वर्षा उतरली. मालकांनी माझ्यापुढं हात केला. मी कमरेची किल्ली काढून दिली. घामानं कुंकू पसरलं होतं. ती त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपला हात दाबला.

"सकाळी साडेआठला उघडायचं," ते म्हणाले. "मी नऊला येतो."

"नऊ म्हंजे नऊ, आबा. उशीर चालायचा न्हाय."

सम्राट खाली वाकून सायलेन्सर बांधायला लागला होता. तिथूनच म्हणाला, "काकू, ते चुकांचे आठ मणी माझ्या नावावर ठेवा. आता ही मालकीण झाली, मला रोज लागणार."

मी उत्तर दिलं नाही. दुपारी मध्येच बोलले तेव्हा पाचव्या माळेचा जप मोडला होता. आता कठड्याला टेकून ती माळ मी पहिल्या मण्यापासून परत धरली होती.