दोन्ही डावे

कानामागे गोंदाचा तुकडा राहिला होता. नखाने खरवडला तर आला नाही, मग चिमटीत धरून ओढला तर थोडी कातडी घेऊनच आला... पिवळट, तांदळाच्या दाण्याएवढा. तुकडा बेसिनच्या कडेला ठेवून तो बघत राहिला. नऊ वर्षं पहाटे तीन तास हा गोंद लावायचा, त्यावर रबराचं कपाळ, रबराचे गाल, आणि संध्याकाळी दीड तास तो सोडवायचा. काल ते संपलं. मालिका संपली, आता तिचा सिनेमा होणार. काल शेवटचा शॉट झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक आणला, केकवर त्याचाच — म्हणजे परग्रहावरच्या दूताचा — चेहरा साखरेत काढलेला. आणि सुरी फिरवली कॅप्टनचं काम करणाऱ्या बाईने. त्याच्या वाट्याला नाक आलं.

"आज जाणार आहेस ना?" बायको दारात उभी होती, ओले केस टॉवेलात गुंडाळून.

"जायलाच हवं. दोन तास आहेत. चाल शिकवायची आहे."

"नीट शिकव."

नीट शिकव म्हणजे काय? ती त्याला ओळखून होती, म्हणूनच तसं म्हणाली, आणि म्हणूनच त्याला तिचाही राग आला.

सिनेमात दूत दुसराच कुणीतरी होणार होता. देखणा, तिशीतला, पोस्टरवर शोभणारा. स्टुडिओत त्याचे लाड असे चालायचे, त्याच्यासाठी खुर्ची पुसायची, पंखा वळवायचा, की याने मनातल्या मनात त्याचं नाव 'जावई' ठेवून दिलं होतं. जावयाला रबर नको होतं. कपाळावर दोन पातळ पट्ट्या, बाकी सगळं संगणकावर. "प्रेक्षकाला चेहरा लागतो हो," मालिकेचा आणि आता सिनेमाचाही दिग्दर्शक म्हणाला होता, अगदी समजुतीच्या सुरात, आजारी माणसाशी बोलावं तसं. मग नऊ वर्षं माझ्या मानेवर काय होतं? भोपळा? हे तो तेव्हा बोलला नाही. तेव्हा तो हसला होता, आणि त्या हसण्याची त्याला अजून लाज वाटत होती.

पण चाल त्यांना तीच हवी होती. चाल सोडून चालणार नव्हतं. शाळेची पोरं तशी चालून दाखवायची, लग्नाच्या व्हिडिओत नवरे तसे चालायचे. एका प्राध्यापकाने तर लिहिलं होतं की या चालीत एका थकलेल्या संस्कृतीचं ओझं दिसतं.

ओझं... ओझं कसलं? पहिल्या दिवशी दूताचे बूट आले ते दोन्ही डावे होते. तीन बोटांचे जाड रबरी बूट, साच्यातून काढलेले, आणि साचेकाम करणाऱ्या मामांनी — सगळा स्टुडिओ त्यांना मामाच म्हणायचा — गडबडीत एकाच साच्यातून दोन्ही काढले. उजवा साचा टेबलाखाली तसाच कोरा. दिवे लागलेले, दिग्दर्शक ओरडतोय, आणि मामा त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून हळूच म्हणाले, "आजचा दिवस काढ रे बाबा. बोललास तर मी घरी बसतो." त्याने उजवा पाय डाव्या बुटात कोंबला. पाऊल सरळ पडेना. टाच आधी बाहेर टेकायची, मग अंगठ्याच्या कळेने पाय क्षणभर अडायचा, मग सगळं अंग एकदम पुढे यायचं. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक म्हणाला, हे काय केलंत, हेच हवंय मला. मग बूट बदलायचा प्रश्नच उरला नाही. मामांनी पुढचे सगळे जोड मुद्दाम दोन्ही डावे काढले, निवृत्त झाले तेव्हा नव्या साचेवाल्याला 'डिझाइनच तसं आहे' म्हणून सांगून गेले, आणि याचा उजवा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर चढून बसला. खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. मामा, बायको आणि मी. आणि माझं म्हणावं असं त्या मालिकेत एवढंच होतं.

ते त्या माणसाला द्यायचं?

तालमीच्या खोलीत एका भिंतीला आरसा होता आणि जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची रेघ. जावई वेळेआधी आला होता. हेही त्याला खटकलं. उशिरा आला असता तर बरं वाटलं असतं.

"सर, मी सगळे भाग बघितलेत," जावई म्हणाला. "दोनशे बारा. काही दोनदा."

"हो का?"

"पण मला जमत नाहीये. घरी गॅलरीत रोज करतो. पाय नुसता ओढल्यासारखा वाटतो."

त्याच्या पायात नवे बूट होते. मऊ, हलके, आतून अस्तर लावलेले. एक डावा, एक उजवा. नव्या लोकांनी सगळं नीट केलं होतं. हे बूट घालून तो जन्मात तसा चालला नसता, आणि ते बघून याच्या पोटात काहीतरी गोड गोड झालं. इतकं गोड की त्याने खुर्ची ओढली आणि पाय पसरून बसला.

"पायांत काही नसतंच मुळी," तो म्हणाला. "खांद्यांतून आणायचं."

"खांद्यांतून?"

"त्याच्या ग्रहावर हवा दाट आहे. तो चालत नाही, हवा बाजूला सारतो. आधी डावा खांदा, मग मान, मग पाय आपोआप."

जावयाने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. हवा दाट. खांदा, मान, पाय. हा थापा मारत गेला. नऊ वर्षांत तोंडावर रबर असताना जेवढा बोलला नसेल तेवढा त्या तासाभरात बोलला. हनुवटी कुठे, श्वास कधी, मधलं थांबणं किती मोजायचं. आणि तो देखणा माणूस रेघेवरून पुढेमागे जात राहिला, पाण्यातून चालल्यासारखा, हास्यास्पद, घामाघूम. कर. अजून कर. सिनेमा लागेल तेव्हा सगळं थिएटर हसेल, आणि मी मागच्या रांगेत बसलेला असेन.

तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. भिंतीला टेकून उभा राहिला, चहाचा कागदी कप हातात. जावई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. दिग्दर्शकाने कप खाली ठेवला.

"परत एकदा."

जावई परत चालला.

"हे कुठून काढलंत?" दिग्दर्शक याच्याकडे वळून म्हणाला. आवाजात खरोखरचा आदर होता. "हे तर... म्हणजे राग मानू नका, पण हे जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे."

"चांगलं?"

"जुनं जरा लंगडल्यासारखंच दिसायचं. तेव्हा वेळ नव्हता, खपून गेलं. हे एखाद्या राजासारखं वाटतं."

खपून गेलं. तो हसला. चेहऱ्यावर रबर नव्हतं, तरी ते हसू कुणीतरी वरून चिकटवल्यासारखं त्याला जाणवलं. जावई धापा टाकत उभा होता, चेहरा लाल, डोळे उजळलेले — आणि तो याच्याकडेच बघत होता, दिग्दर्शकाकडे नाही.

आता सांगावं. ही शुद्ध थाप आहे, खरी चाल अशी नाही, खऱ्या चालीत दुखतं, बसा इथे, मी सांगतो, मामांनी काय केलं ते, तो उजवा साचा कसा कोरा राहिला... पण सांगायचं कुणाला? ते गुपित तो नऊ वर्षं जपत आला होता, कुणीतरी ते हिसकावायला येईल म्हणून, आणि आज खोलीतल्या एकालाही ते नको होतं. सांगितलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता, अस्सं का, गंमतच आहे, आणि कप उचलून निघून गेला असता.

दिग्दर्शक तसाही निघून गेलाच.

"सर," जावई टॉवेलने मान पुसत म्हणाला, "उद्या येऊ शकाल? हातांचं काहीच केलं नाही आपण. तुमचे हात बघून मला नेहमी वाटायचं, हा माणूस काहीतरी लपवतोय. ते कसं करायचं तेवढं सांगा."

हातांचं त्याला आजवर कुणीच काही म्हटलं नव्हतं. प्राध्यापकानेही नाही. बुटात कळ आली की तो बोटं तळव्यात दाबून धरायचा, एवढंच होतं ते, आणि ते कुणाला दिसत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला त्या माणसाचा भयंकर राग आला. तो साधा मूर्ख असता तर किती सोपं झालं असतं.

"दहाला येतो," तो म्हणाला.

बाहेर लांबच्या लांब कॉरिडॉर होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. उद्या काय सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं. थाप मारली तर ती उचलून धरतील, कौतुक करतील, आणि तीच खरी होऊन बसेल. खरं सांगितलं तर दुखणं माझं आणि हात त्याचे. तो राग शोधू लागला, सकाळी होता तसा, स्वच्छ, एकाच माणसावरचा. राग होता, भरपूर होता. पण तो कुणाचा करायचा हे ठरत नव्हतं, आणि तेवढ्यात आपण हातांबद्दल काय काय सांगता येईल याची मनात जुळवाजुळव करतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते त्याला थांबवता येईना.