पाच काळे पत्रे

माझ्या धाकट्या बहिणीला, धाकटीला, पाचवी मुलगी झाली त्या दिवशी तिचा नवरा कामावर वेळेवर हजर होता. तो आणि मी एकाच जुगारघरात कामाला. तो रूलेटच्या टेबलावर चाक फिरवायचा, म्हणून सगळे त्याला चाकवाला म्हणत. मी त्याच टेबलामागच्या पाटीवर पत्रे टांगायची. चेंडू ज्या घरात पडेल त्या आकड्याचा पत्रा, लाल किंवा काळा, खिळ्यावर अडकवायचा. वीस खिळे भरले की सगळ्यात जुना काढायचा. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, पण रंग दिसत होते आणि आकडे चित्रांसारखे पाठ झाले होते. तेवढ्यावर मॅनेजरने मला ठेवून घेतलं होतं.

"पाटी सगळ्यांना दिसली पाहिजे," मॅनेजर सांगायचा. "चाक माणसाला बसवतं, पाटी त्याला उठू देत नाही."

त्या दिवशी चहाच्या खोलीत टकलूने विचारलं, "काय झालं रे?" टकलू शेजारच्या टेबलावर पत्ते वाटायचा.

"काळंच," चाकवाला म्हणाला, आणि बशीत चहा ओतला.

सगळे हसले. मीही खोलीतच होते.

चाकवाला कामात पक्का होता. रोज सकाळी हॉल उघडायच्या आधी तो चाकाच्या कडेवर गवंड्याची पाणसळ ठेवायचा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांखालचे स्क्रू फिरवत बसायचा. "चाक सरळ आहे तोवर ते कोणाचंच नाही," म्हणायचा.

आमच्याकडे एक शिंपी यायचा. एका दुपारी सात वेळा लागोपाठ काळं आलं. शिंपी पाटीकडे बघून बोटं मोजत होता आणि दर वेळी लालवर दुप्पट लावत होता.

"सात वेळा काळं आलंय," तो म्हणाला. "आता लाल जाईल कुठे?"

"लावा की, शेठ," चाकवाला गोड आवाजात म्हणाला.

आठव्यांदाही काळं आलं. मी पत्रा टांगला. शिंप्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. इथे घड्याळ घेत नाहीत असं सांगितल्यावर ते परत मनगटावर बांधायला त्याला बराच वेळ लागला. पट्ट्याचं भोक सापडत नव्हतं.

चहाच्या खोलीत चाकवाल्याने त्याची हुबेहूब नक्कल केली, बोटं मोजण्याची आणि पट्टा बांधण्याचीही. मग म्हणाला, "चेंडूला काय माहीत मागे काय आलं? तो काय पाटी वाचतो? त्याला आठवण नाही, नातं नाही, लाज नाही. त्याची दर वेळी पहिलीच वेळ."

हे त्याच्याइतकं स्वच्छ सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाचव्या बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि मला आत बोलावलं होतं. "तीन वेळा पोट उघडावं लागलंय," त्या म्हणाल्या. "पिशवीवरची शिवण पातळ झाली आहे. पुन्हा दिवस राहिले तर ती उसवेल, आणि तेव्हा ही हाताला लागायची नाही."

तो "बरं, बरं" करत मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "घाबरवायचाच पगार घेतात हे लोक."

वर्ष व्हायच्या आत धाकटीला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाई चिडल्या, मग शांतपणे म्हणाल्या की अजून पिशवी मोकळी करता येईल, पण आठ दिवसांत सांगा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हॉलवर गेले. तो पाणसळ लावून वाकला होता.

"भाऊजी, आठच दिवस आहेत."

"माहीत आहे."

"मग काय ठरवलंत?"

"ताई, पाच झाल्या. सहावीपण मुलगीच कशी होईल? कधीतरी उलटणारच की."

"चेंडूला आठवण नसते, असं तुम्हीच म्हणता ना?"

त्याने पाणसळ खाली ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं. "चेंडू निर्जीव आहे, ताई. बाईचं शरीर निर्जीव आहे का? शरीराला सगळं आठवतं. पाच वेळा एका बाजूला कललं, आता दुसऱ्या बाजूला कलणार. हे चाकासारखं नाही. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही, मला कळतो. आयुष्य गेलंय माझं यात."

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शरीराला आठवतं, हे खरं आहे. पण त्याला मुलगी-मुलगा आठवत नाही. टाके आठवतात."

मी ते तसंच्या तसं त्याच्यापर्यंत पोचवलं. तो खूश झाला. "बघा, डॉक्टरही म्हणते, आठवतं."

चहाच्या खोलीत टकलूने माझ्या डब्यातले पाच काळे पत्रे नेऊन भिंतीवर ओळीने टांगले आणि सहावा खिळा रिकामा ठोकला. कोण लाल, कोण काळं, यावर बिस्किटांचे पुडे लागले. चाकवाला येता-जाता त्या खिळ्याकडे बघायचा. मी दोनदा पत्रे उतरवले. तिसऱ्यांदा टांगलेले दिसले तेव्हा राहू दिले. मला नोकरी हवी होती.

आठ दिवसांपैकी सहावा दिवस असेल. मी धाकटीकडे गेले. ती शेंगा सोलत बसली होती, पाचवी तिच्या मांडीवर झोपली होती आणि मोठी, बारा वर्षांची, बाकीच्या तिघींना बाहेर हाकलत होती.

"ताई, तू रोज बघतेस," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "पाच काळ्यांनंतर लाल येतं का गं?"

"कधी येतं, कधी नाही. अर्धं-अर्धं धर."

"अर्धं?" तिने वर बघितलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अर्धं म्हणजे पुष्कळ झालं, ताई. या घरात मला कोणी चार आणेसुद्धा धरत नाही."

मी तिला अर्ध्याचं सांगितलं, हिरव्या घराचं सांगितलं नाही. लाल आणि काळ्या घरांखेरीज चाकावर एकच हिरवं घर असतं, शून्याचं. चेंडू त्यात पडला की लालवालेही बुडतात आणि काळेवालेही, सगळं जुगारघराचं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं ते. पण ती हसत होती, म्हणून मी गिळलं आणि तिच्या टोपलीतल्या चार शेंगा सोलल्या.

आठ दिवस निघून गेले.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. एका दुपारी मॅनेजर फोनपासून उठून आमच्या टेबलाशी आला आणि चाकवाल्याच्या कानाशी लागला. "दवाखान्यातून आहे. ताबडतोब या म्हणतात."

चेंडू फिरत होता. टेबलाभोवती सात-आठ माणसं होती.

"हा डाव होऊ दे," चाकवाला म्हणाला.

चेंडू खडखडला, उडाला, पडला. मी पत्रा टांगला. पाटीवरचे हजारो पत्रे मी विसरले असेन, त्याचं काही नाही. पण तो कोणता होता हे मला आठवायला हवं होतं, आणि आठवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "काचेच्या पेटीत ठेवलाय, जगेल. तिला वाचवता आलं नाही. शिवण पूर्ण उसवली होती."

"मुलगा?" चाकवाल्याने विचारलं. "नक्की?"

डॉक्टरीणबाई वळल्या. "नक्की," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो बाकावर बसला. त्याचे डोळे भरले होते, हे खोटं नाही. पण तो माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलला ते असं, "बघितलंत ना, ताई?"

मोठी पाचवीला कडेवर घेऊन जिन्यातून वर आली. "मावशी, आई कुठल्या खोलीत आहे?"

ते मलाच सांगावं लागलं.

दहाव्या दिवशी तो कामावर आला. तोवर मोठीची शाळा सुटली होती. काचेच्या पेटीतून घरी आलेलं पोर तिच्याच अंगावर पडलं होतं. चेंडूला आठवण नसते, हे वाक्य चाकवाल्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. आता तो वेगळं सांगायचा. शिंपी परत यायला लागला होता. एका दुपारी पाच काळी झाल्यावर तो उठू लागला, तेव्हा चाकवाला हळूच म्हणाला, "बसा, शेठ. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पाच मुली, आणि सहावा मुलगा. धीर धरला की येतं."

शिंपी बसला. सगळेच बसायला लागले. पाटीपेक्षा ही गोष्ट जास्त चालली, आणि तीन महिन्यांत मॅनेजरने चाकवाल्याचा पगार वाढवला. जिंकलेल्या माणसाला त्याची चूक कोण दाखवणार?

मधेच एकदा माझ्या डब्यात एक लाल पत्रा कमी भरला. शोधत शोधत चहाच्या खोलीत गेले, तर तो भिंतीवर होता. पाच काळ्यांच्या शेजारी, सहाव्या खिळ्यावर. माझा तोल गेला नाही. मी डब्यातून हिरवा पत्रा आणला, लाल काढला आणि त्या जागी हिरवा टांगला.

चहाची वेळ झाली. टकलूने भिंतीकडे बघितलं आणि मान खाली घातली. चाकवाला कप घेऊन आला. त्याने पत्र्याकडे बघितलं, कप ठेवला, हिरवा काढून माझ्या हातात दिला आणि लाल मागितला.

"ताई, तुमची चूक होतेय," तो त्या टेबलावरच्या गोड आवाजात म्हणाला. "शून्य कधी आलं होतं? लालच आलं."

त्याने लाल पत्रा परत टांगला. तो जरा कलता बसला होता. एक पाऊल मागे सरून, डोळा बारीक करून त्याने बघितलं आणि बोटाने तो सरळ केला.