गरजेची प्रत्यक्ष अनुभूती

मुंगीला लाल पॉटीशिवाय शू होत नसे.

पाळणाघरात तशा पॉट्या बऱ्याच होत्या. निळ्या, पिवळ्या, एक कडेला तडा गेलेली. पण लाल होती ती गाणारी. तिच्यात चार थेंब पडले की तिच्या पोटातून टुंटुंटुं असं काहीतरी वाजायला लागे, आणि ते वाजलं की पाळणाघरातली यच्चयावत पोरं हातातलं टाकून टाळ्या पिटत आणि एका सुरात ओरडत, "शाब्बास!"

ही शिस्त आत्यांची. आत्या म्हणजे पाळणाघराच्या मालकीण. पोरांच्या त्या आत्या, म्हणून पोरांच्या आईबापांच्याही आत्याच. त्यांचं म्हणणं असं, की पुढे जगात कौतुक कोण करणार आहे लेकरांचं? इथे तरी होऊ दे पोटभर.

मुंगी अडीच वर्षांची. जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालायची, म्हणून मुंगी. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा उगवणारा. सासूबाईंना नात प्राणाहून प्यारी, पण गुडघे म्हणत, आम्हाला नाही जमायचं मुंगीमागे पळायला. तेव्हा पाळणाघर होतं म्हणून नोकरी होती, आणि नोकरी होती म्हणून चूल पेटत होती. सकाळी मुंगीच्या मानेला नाक लावून तो दुधाचा, झोपेचा वास छातीत भरून घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत पुरवायचा, असा आईचा रोजचा हिशेब. दुकानात काच घासताना ती नकळत टुंटुंटुं गुणगुणे आणि गिऱ्हाइकं चमकून बघत.

आणि आता ते पाळणाघरच जायला निघालं होतं.

झालं होतं असं. पाळणाघर बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत. अंगणात पूर्वी चांगला संडास होता. नगरपालिकेने रस्ता खणला तेव्हा त्याची नळी फोडली. रस्ता बुजवला तेव्हा फुटकी नळीही बुजवली. संडास तुंबला तो तुंबलाच. मग त्याच नगरपालिकेच्या दुसऱ्या खात्याची नोटीस आली: मुलांच्या वापरात असलेला संडास जागेवर नाही, सबब परवाना यंदा नवा होणार नाही. आत्या म्हणाल्या, "ह्यांनीच पाय मोडायचा आणि ह्यांनीच विचारायचं, लंगडता का म्हणून!"

आईने एका संध्याकाळी मुंगीला दुकानात नेऊन मालकांना भीत भीत विचारलं, "काका, पाळणाघर बंद पडलं तर थोडे दिवस मुंगीला इथे आणू का?"

मालकांनी भिंतभर मांडलेल्या चष्म्यांकडे पाहिलं, मग दाराशी बसून चप्पल चावणाऱ्या मुंगीकडे पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "काचेचं दुकान आहे हे."

नवी नळी, नवा संडास बांधणं आत्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. एकच वाट होती, नगरपालिकेचं समाजविकास अनुदान. त्यासाठी अर्ज उदंड. कोणाला आधी द्यायचं आणि कोणाला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं, हे ठरवायला प्राधान्य समिती होती. इतकी वर्षं समितीचं प्राधान्य न चुकता चौकातल्या कारंज्याला जाई. एका वर्षी कारंजं, पुढल्या वर्षी कारंज्याला कठडा, मग कठड्याला सिंह. चौक सुशोभन मंडळाचे प्रमुख हे समितीच्या अध्यक्षांचे सख्खे मेहुणे, हा निव्वळ योगायोग. यंदा मंडळाला कारंज्यात रंगीत दिवे हवे होते.

"उडवायला पाणी आहे ह्यांच्याकडे," आत्या म्हणाल्या, "ओतायला नाही."

पण यंदा म्हणे सगळं शास्त्रशुद्ध होणार होतं. समितीने एक सल्लागार आणला होता. कोवळा पोरगा, इस्त्रीचा कडक. त्याने नागरिकांच्या बैठकीत पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून सांगितलं, "गरज ही भावना नाही, गरज हा आकडा आहे. आम्ही प्रत्येक ठिकाणी येऊ, गरज पाहू आणि गुण देऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गरज पाहायला कोणीतरी येतंय, हेच नवलाचं होतं.

आईने त्याच दिवशी आत्यांना बजावलं, "हे बघा, भेटीच्या दिवशी काही आवरायचं नाही. आहे तसं दिसू दे."

"अगं, पण चार मोठी माणसं दारात येणार, आणि मी काय पॉट्यांची रांग मांडून बसू? लाज नको?"

"लाज त्यांना वाटायला हवी, आत्या!"

"त्यांना वाटेल तेव्हा वाटेल. मला आत्ताच वाटतेय."

भेटीच्या दिवशी आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत पोचली, तर पाळणाघर ओळखू येईना. फरशी आरशासारखी. पोरांचे भांग पाडलेले. खिडकीत फुलं. आणि मागच्या कोपऱ्यात पॉट्यांसमोर गुलाबाच्या फुलांच्या चादरीचा झकास पडदा!

"आत्या..." आईने कपाळाला हात लावला.

"राहवलं नाही गं," आत्या म्हणाल्या.

समितीची गाडी यायला दुपार टळत आली. त्यांचाही इलाज नव्हता. पत्ते क्लबला पंखे हवे होते, तिथे चहा झाला. वाचनालयाला नवी पाटी हवी होती, तिथे सरबत झालं. मेहुण्यांच्या मंडळाने तर कारंज्याच्या कठड्यावर टेबलखुर्च्या मांडून आधी थंड, मग गरम, मग पुन्हा थंड असा पाहुणचार केला आणि तासभर कारंजं चालू ठेवलं. समोर ते खळखळ पाणी पडतंय आणि हातात पेला. पाळणाघर यादीत शेवटी. समितीला सोडून ड्रायव्हर जेवायला गेला.

सल्लागाराने खोल्यांवर नजर फिरवली. "छान आहे की! अगदी नीटनेटकं. इथे गरज... दिसत नाही."

"पडद्यामागे आहे साहेब," आई पुढे झाली. "आम्हाला संडास नाही. एवढी पोरं..."

"ताई, पडद्यामागचं आम्हाला मोजता येत नाही." त्याने हसून दहापैकी दोन गुण लिहिले. तेही बहुधा फुलांचे.

आईला पाठ केलेलं सगळं विसरायला झालं. ती अध्यक्षांकडे वळली, की निदान ह्यांच्या हातापाया पडावं. आणि तिथेच थबकली.

अध्यक्ष पोरांना उद्देशून चार शब्द बोलत होते. देशाचं भवितव्य वगैरे. बोलता बोलता त्यांनी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला. मग डाव्यावरचा उजव्यावर. मग भवितव्य अर्ध्यावर सोडून ते एकदम गप्प झाले आणि भिंतीपलीकडे कुठेतरी दूर बघायला लागले.

ही नजर आईच्या चांगली ओळखीची होती. मुंगी अस्सं करायची. आधी बडबड, मग नाच, मग एकदम समाधी. समाधी लागली की मिनिटाच्या आत उचललं तर ठीक, नाहीतर फडकं आणा.

"बाई," अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "इथे जरा हात धुवायला..."

"हा काय नळ."

"नाही, म्हणजे... जरा सविस्तर हात."

आत्यांना एवढा वेळ तोंड उघडायचं धाडस झालं नव्हतं, पण आता राहवेना. "साहेब, त्याच्यासाठीच तर अर्ज केलाय हो!"

"मग मोठी माणसं कुठे जातात?"

"शेजारी बेकरीत. पण दुपारची बंद असते. संध्याकाळी उघडेल."

संध्याकाळ हा शब्द ऐकून अध्यक्षांचा चेहरा असा झाला, की आईला क्षणभर त्यांची कीवच आली. आईच ती, समोरचा कितीही कारंजीबहाद्दर असो, तो नाच बघवत नाही. पण सांगणार काय आणि कुठल्या तोंडाने?

तोंड मुंगीला होतं. अध्यक्षांच्या पॅंटचा पाय ओढून ती मोठ्ठ्याने म्हणाली, "काका, शू आली? लाल घे. माझी आहे. घे तू."

सगळी समिती एकाच वेळी छताकडे बघू लागली. अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की तिथे पद, प्रतिष्ठा, मेहुणे, कोणी कामाला येत नाही. गुलाबाची चादर हलली आणि अध्यक्ष दिसेनासे झाले.

मग टुंटुंटुं.

एकदा वाजून गाणं थांबलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग आणखी एकदा. पत्ते क्लब, वाचनालय आणि मंडळ असा सगळ्यांचा पाहुणचार त्यात होता. पोरांनी ठोकळे टाकले, बाहुल्या टाकल्या, आणि शिस्तीत जोरदार टाळ्या पिटत आरोळी ठोकली, "शाब्बास!"

"शाब्बास," आत्याही सवयीने म्हणून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. सल्लागार कागदात इतका खाली वाकला, की त्याचा टाय शाईला लागला. आईने मुंगीला उचलून तिच्या मानेत तोंड खुपसलं, तेव्हा कुठे हसू आवरलं.

अध्यक्ष बाहेर आले, कोणाकडेही न बघता सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

पुढच्याच आठवड्यात प्राधान्यक्रम जाहीर झाला. पहिल्या क्रमांकावर पाळणाघराचं स्वच्छतागृह! कारंज्याचे दिवे दुसरे. सल्लागाराच्या अहवालात कारण होतं: "क्षेत्रभेटीत समितीला गरजेची प्रत्यक्ष अनुभूती आली."

आत्यांनी आईला मिठी मारली. पण मिठी पुरती सुटायच्या आत बांधकाम सुरू झालं आणि एकेक उलगडा होऊ लागला. भिंतीला चकचकीत दगड. उंच कमोड, ज्यावर मुंगीला बसवायचं म्हणजे शिडी हवी. मोठा आरसा. दाराला भरभक्कम कुलूप, आणि दारावर पितळी पाटी: "क्षेत्रभेटीस येणाऱ्या मान्यवरांसाठी."

"आणि पोरं?" आईने सल्लागाराला गाठून विचारलं.

"ताई, अनुभूती मान्यवरांना आली ना? मग अनुदानही त्याच गरजेला. किल्ली नगरपालिकेत राहील. भेट असली की उघडू."

आई परवाना खात्यात गेली. तिथला कारकून सुका, पण सरळ माणूस. म्हणाला, "बाई, कुलपातला संडास माझ्या काय कामाचा? मुलांच्या वापरात असलेला, असा नियम आहे. मुलं वापरताना दाखवा, जागेवर शिक्का मारतो."

"उद्घाटनाला येणार ना तुम्ही?"

"न येऊन सांगतो कोणाला? खुर्च्या भरायला सगळ्या खात्यांना बोलावलंय."

"मग येताना शिक्का घेऊन या," आई म्हणाली.

उद्घाटनाच्या सकाळी पाळणाघरात कधी नव्हे तो पाण्याचा खेळ झाला. कोण पेला आधी रिकामा करतो! मुंगीने तीनदा पहिला नंबर काढला. आत्यांनी बेकरीतून एक लाकडी पायरी मागून आणली आणि पदराआड धरून उभ्या राहिल्या. या खेपेला त्यांनी काहीही आवरलं नव्हतं.

मांडव, फीत, चहा. कुलूप उघडून बाजूला ठेवलं होतं. अध्यक्षांचं भाषण रंगलं. समाजाची गरज ओळखायला संवेदनशील मन लागतं, असं ते म्हणत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "आई, शू!"

"थांब बाळ," सल्लागार दटावून म्हणाला. "आधी फीत कापू दे."

"ती नाही थांबत," आई म्हणाली. "तिला अजून पद नाहीये ना."

तिने मुंगीला काखोटीला मारलं आणि फितीखालून वाकून दाराशी गेली. अध्यक्ष आडवे आले. "अहो बाई, पाटी वाचा! हे मान्यवरांसाठी आहे."

आई त्यांच्या अगदी जवळ गेली. आवाज चढवला नाही. "साहेब, तुमच्यावर वेळ आली तेव्हा मुंगीने तुम्हाला लाल दिली होती. तिची स्वतःची. पाटी नव्हती लावली तिने."

अध्यक्षांनी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. सगळी नगरपालिका कान टवकारून बसलेली. ते घाईघाईने बाजूला झाले.

आत्यांनी पायरी ठेवली. आईने मुंगीला वर बसवलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि मुंगी गाण्याची वाट बघत राहिली. गाणं येईना. तिचा खालचा ओठ थरथरला. तेव्हा आईने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि हळूच स्वतः सुरू केलं, "टुंटुंटुं..."

बाहेर पोरांनी कान दिले होतेच. "शाब्बास!"

मग मागोमाग सगळी निघाली. पाण्याचा खेळ वाया जात नसतो. फितीखालून एकेक वाकून जाऊ लागलं, दाराशी रांग लागली, आणि परवाना खात्याच्या कारकुनाने खुर्चीवरून उठून, गुडघ्यावर कागद ठेवून, ठप्पकन शिक्का मारला. "वापरात आहे," तो अध्यक्षांना म्हणाला. "आता पुन्हा कुलूप दिसलं, तर मला वर कळवावं लागेल साहेब." आत्यांनी कुलूप किल्लीसकट उचलून पॉट्यांच्या कपाटात ठेवलं.

अध्यक्ष मुरलेले. माइक घेऊन त्यांनी ताबडतोब जाहीर केलं, की बालकांच्या हस्ते उद्घाटन ही मुळात त्यांचीच कल्पना होती. टाळ्या पडल्या. पण भाषण लांबलं होतं, त्याआधी चहाही दोनदा झाला होता. बोलता बोलता त्यांनी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला. मग गप्प झाले. मग दूर बघू लागले.

ते दाराशी आले तेव्हा रांगेत आठदहा पोरं होती आणि शेवटी निळा सदरा घातलेलं एक ढब्बू नाचत होतं.

"बाई, जरा मला आधी..."

"रांगेत या साहेब," आई म्हणाली आणि दुसऱ्यांदा जाऊन आलेल्या मुंगीची चड्डी वर ओढता ओढता तिने त्यांना निळ्या सदऱ्यामागची जागा दाखवली. "गाणं नाही वाजत यात. पण काळजी करू नका, पोरं टाळ्या वाजवतील."