कुलूप शिकायला आलेले काका

काका पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी एका तिजोरीत अर्धी शिरले होते. बाहेरून आवाज आला, "काम शिकायला मिळेल का?" वळून पाहिलं तर साठीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, नखं व्यवस्थित कापलेली.

"कुणाला शिकायचंय?"

"मलाच. पगार नको. दुकान झाडेन, किल्ल्या घासून देईन."

फुकट राबायला येणारा माणूस मला आधी खटकतो. पण बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, एकटीने काम उरकत नव्हतं, आणि शेजारचे घड्याळवाले म्हणाले, "सभ्य दिसतात हो." मी ठेवून घेतलं.

हात चांगला होता, खोटं कशाला बोलू. आठ दिवसांत कानस सरळ चालवायला लागले. मला वस्ताद म्हणायचे, आणि ते थट्टेने नव्हे. पण त्यांचे प्रश्न! किल्ली कशी घासायची, हे सगळेच शिकाऊ विचारतात. काका विचारायचे, "वस्ताद, ओरखडा न पाडता कुलूप उघडलं, तर मालकाला कधी कळतं?" नाहीतर, "घाबरलेल्या माणसाचा हात किल्ली फिरवताना कसा चालतो?" जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपायचे. मी जवळ गेले की वही बंद.

आणि तरीही एक दिवस मीच वेडेपणा केला. बाबांचा विषय निघाला, मन हळवं झालं, आणि बाबांची मेणाची युक्ती मी काकांना करून दाखवली. दुकानाच्या शटरला लावतात ती जाड कुलपं तीन मिनिटांत उघडतात, खूण राहत नाही. बाबांनी ती फक्त मला शिकवली होती. काका नुसते कुलपाकडे बघत राहिले. मी घाईने मेणाचा डबा मिटून बाजूला ठेवला.

पुढच्याच आठवड्यात मी एका बेकरीचं कुलूप बसवायला गेले होते. सामान उचलायला काका सोबत होते आणि बाहेर थांबले होते. बेकरीवाल्याने काचेतून पाहिलं आणि ओरडला, "अरे, हा तर आमचा मास्तर! गेल्या वर्षी चार महिने भट्टीवर होता. एक दिवस न सांगता गायब." त्याने सांगितलेलं नाव वेगळंच होतं. परतताना मी काकांना काही विचारलं नाही. दुकानात आल्यावर मात्र मेणाचा डबा माझ्या पिशवीत टाकला.

मंगळवारी सकाळी घड्याळवाल्यांच्या आरोळीने गल्ली गोळा झाली. शटर अर्धं वर, कुलूप उघडं लटकलेलं, एकेचाळीस घड्याळं गेलेली. कुलपावर ओरखडा नाही. मी वाकून वास घेतला. मेण.

इन्स्पेक्टरने विचारलं, "असं कुलूप उघडणारं इथे कोण आहे?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "तपासून सांगते." काका त्या दिवशी आले नव्हते.

कामावर ठेवताना त्यांनी पत्ता लिहून दिला होता. तो खोटा असणार, अशी माझी खात्री होती. खरा निघाला. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बेकरीकडून आलात की कुलपांकडून?"

"कुलपांकडून," मी म्हटलं.

"मग वस्ताद तुम्हीच. या. त्यांना ताप आहे."

आतल्या खोलीत चारही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं होती. "काका एवढं वाचतात?" मी विचारलं.

"वाचतात कसले! लिहिलीत. या भिंतीची सगळी त्यांची. एकशे एकतीस."

मला खरं वाटेना. काकू एकेक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवत गेल्या. गुन्ह्यांच्या कादंबऱ्या एका नावाने, प्रेमकथा दुसऱ्या, लहान मुलांच्या गोष्टी तिसऱ्या नावाने. स्वतःच्या नावाने मधमाश्या, गटारं, दातांची निगा, एका विसरलेल्या गायिकेचं चरित्र आणि पावाचा इतिहास. कशातच दोनतीन वर्षांहून जास्त टिकले नाहीत. गायिकेचं चरित्र गाजलं तेव्हा प्रकाशक पाया पडत होता, अजून एक द्या म्हणून, आणि हे गटारांत उतरले होते.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे," काकू म्हणाल्या. "लेखक माणूस, ऑफिस नाही, मग जातो कुठे? मला वाटलं, बाई आहे. एक दिवस मागोमाग गेले. तर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत उभे! बाई असती तर निदान भांडता आलं असतं."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. टेबलावर परवाचं साप्ताहिक उघडं होतं. काकांच्या कादंबरीचं चालू प्रकरण. मी उभ्याउभ्या वाचलं. त्यातला चोर शटरचं कुलूप मेणाने उघडत होता. सगळं होतं त्यात. बाबांच्या बोटांची ठेवणसुद्धा.

काका शाल गुंडाळून दारात आले. मी तो अंक त्यांच्यासमोर धरला.

"काल रात्री घड्याळवाल्यांचं दुकान असंच उघडलंय. पोलीस माझ्याकडे बघतायत."

ते अंक हातात घेऊन दाराशीच बसले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं कागदावर माणसं मारतोय. कुणाला साधं खरचटलं नाही."

"माझ्या बाबांचं होतं ते. तुम्हाला विश्वासाने दाखवलं होतं."

"चुकलंच."

"आणि कुणाला खरचटलं नाही, हे खरं कशावरून? वेगळं नाव सांगून घरात शिरायचं, हातातलं काढून घ्यायचं, आणि मग गायब. चोर यापेक्षा वेगळं काय करतो?"

काकू मध्ये पडल्या नाहीत. काकांनी अंगात सदरा चढवला आणि तापातच माझ्याबरोबर चौकीवर आले.

इन्स्पेक्टरने प्रकरण वाचलं, डोकं खाजवलं. "म्हणजे माझे संशयित आता या साप्ताहिकाचे सगळे वाचक. त्यात माझी बायकोही आली." मग काकांकडे रोखून बघत म्हणाला, "आणि तुम्हीही आलात. काल रात्री कुठे होतात?" तापासाठी बोलावलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत काकांच्या घरी होते, त्यांना फोन झाला. मी तो फोन कान देऊन ऐकला.

"तुमचा चोर माल कुठे लपवतो?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"त्याच इमारतीच्या गच्चीवर. रिकाम्या टाकीत. हेही याच अंकात आहे."

घड्याळवाल्यांच्या इमारतीवर जुनी टाकी होती. त्यात गाठोडं सापडलं. पोलिसांनी ते तसंच ठेवलं आणि दोन दिवस पाळत ठेवली. न्यायला आला तो घड्याळवाल्यांचाच विक्रेता, नऊ वर्षांपासूनचा जुना माणूस. दर आठवड्याला अंक वाचून झाला की मला आणून द्यायचा, आणि मी न वाचताच त्यात किल्ल्या गुंडाळायचे.

काकांनी त्या कादंबरीचं पुढचं प्रकरण दिलंच नाही. संपादक चिडला, वाचकांची पत्रं आली, साप्ताहिकाने त्यांचं सदर बंद केलं. महिन्याभराने ते दुकानात आले आणि तीनशे पानांचं बाड टेबलावर ठेवलं. कुलपांवरचं पुस्तक. कादंबरी नव्हे, माहितीचं, स्वतःच्या नावाने.

"आधी तुम्ही वाचा. नको ते काढा. तुम्ही नाही म्हणालात तर जाळतो."

मी तीन आठवडे पेन्सिल घेऊन बसले. अकरा पानं काढली, सतरा चुका दुरुस्त केल्या. एका वाक्यावरून आमचं चांगलं वाजलं. त्यांचं म्हणणं, वाक्य निरुपद्रवी आहे, आणि सुंदर आहे. मी म्हटलं, सुंदर आहे म्हणूनच लोक लक्षात ठेवतील. काढलं त्यांनी, तोंड वाकडं करून.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शेवटाकडून. बाबांची युक्ती कुठे वेष बदलून बसली आहे का, ते शोधत होते. सापडली नाही. तरीही काकूंकडून त्यांची बाकीची पुस्तकं एकेक करून आणते आहे. सध्या तेविसाव्यावर आहे. भट्टीवर घडलेल्या खुनाची गोष्ट आहे, आणि पीठ मळण्याचं वर्णन इतकं बारीक आहे की बेकरीवाल्याला सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार करते आहे.