पोर्टची जागा

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं एक बटण आम्ही बनवत होतो. पडलात, दाबलंत, की घरच्यांना निरोप जाणार. त्यातला अँटेना माझ्या गळ्यात पडला होता. कॉम्प्युटरवर तो अगदी गुणी बाळासारखा वागायचा. हव्या त्या फ्रिक्वेन्सीला आलेखात छान खोल खड्डा पडायचा, म्हणजे अँटेना तिथे नीट चालणार. पण बोर्ड बनवून लॅबमध्ये मोजला, की खड्डा भलतीकडेच. कंपनीत यातलं जाणणारं दुसरं कोणी नव्हतं.

घरात मात्र होतं. माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या ताई, हेच काम करायच्या. जुळं झालं आणि त्यांनी नोकरी सोडली. आधीच त्यांच्यामागे एवढा व्याप, म्हणून विचारायला जीव कचरत होता. शेवटी फोन केला.

"ये की लॅपटॉप घेऊन. दुपारी पोरं झोपतात," ताई म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावरची दुधाची बाटली सरकवून त्यांनी लॅपटॉपवरचं अँटेनाचं मॉडेल इकडून तिकडून फिरवून पाहिलं.

"वहिनी, कनेक्टर कुठाय?"

"तो मॉडेलमध्ये घेतलाच नाही. पोर्ट थेट अँटेनाच्या पायाशी दिलाय."

"मग झालं! पोर्ट म्हणजे सिग्नल आत शिरायचं दार. खऱ्या बोर्डावर तो केबलमधून कनेक्टरमध्ये, तिथून पिनेतून, तांब्याच्या पट्टीवरून अँटेनापर्यंत येतो. ती वाटच तू गाळलीस."

आम्ही मॉडेलमध्ये कनेक्टर घातला, पीन घातली, पट्टी घातली. पोर्ट कनेक्टरच्या बाहेरच्या तोंडाशी नेला आणि गणित चालू केलं. तेवढ्यात एक पोर उठलं. मी त्याला खांद्यावर थोपटत होते, तर ताई ओरडल्याच, "वहिनी, बघ!"

खड्डा सरकला होता. लॅबमध्ये दिसला, अगदी तिथेच. वाईट उत्तर बघून एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. आता मॉडेल खरं बोलत होतं. मग अँटेनाची भुजा जराशी आखूड केली आणि खड्डा जागेवर आला. तसाच नवा बोर्ड बनवला. लॅबनंही तेच सांगितलं.

मी धावत ताईंकडे गेले. "ताई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले गं? जो तो विचारतो, पोरं जेवली का, पोरं झोपली का. तू मला कामाचं विचारलंस." मग मी कंपनीचा निरोप सांगितला.

"साहेब विचारतायत, घरून थोडं काम कराल का?"

ताईंनी दोन्ही पोरं माझ्या मांडीवर ठेवली आणि लॅपटॉप ओढून घेतला.