मालक म्हणाले

“...तेव्हा तिचा नवरा हसून म्हणाला, बाईच्या हातात पाळण्याची दोरी शोभते. वायर कशाला?”

माइकवर वाचणारी मुलगी इथे थांबली. थांबायची जागा तिने कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. सभागृहातून ‘च्च’ असा एक ओला आवाज उठला आणि मग एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळू लागली. तिथे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा बसला होता. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच त्याला उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या: ‘आपल्या सत्कारमूर्तींचे यजमानही आज आले आहेत.’

व्यासपीठावर, शेवटच्या खुर्चीत, वायरबाई बसल्या होत्या. कंपनीत त्यांना सगळे वायरबाईच म्हणत. ते वाक्य कुणाच्या नवऱ्याचं, हे त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पाठीतून कुणीतरी वीज सोडल्यासारखं झालं. हे वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला होता. पण ज्याच्या तोंडी तो आज घातला होता, त्या माणसाने तो उभ्या जन्मात उच्चारला नव्हता.

हे झालं कसं?

महिन्यापूर्वी हीच मुलगी, कंपनीसाठी लिहिणारी, सर्व्हरच्या खोलीत आली होती. वायरबाई तेव्हा जमिनीवर मांडी घालून केबलच्या टोकातल्या आठ तारा रंगाप्रमाणे लावत होत्या आणि सवयीने गुणगुणत होत्या:

तारेला जोडते तार, रंगाला रंग ओळखी
सख्याने दिली विद्या, बोटं झाली गं बोलकी

“मावशी, हे कुठलं गाणं?”

“कुठलं नाही गं. हात चालले की तोंड चालतं.”

मुलगी शेजारी बसली. कंपनी एक पुस्तिका काढणार होती. दोनशे कॉलेजांना जाणार होती. तंत्रज्ञानात फक्त पुरुषच असतात असं नाही, सगळ्यांना इथे जागा आहे, मुलींनो या, असं पटवून द्यायचं होतं. सबंध पुस्तिकेत विविधता हा शब्द एकोणतीस वेळा आला होता. मुलीने मोजला होता आणि तिला त्याची लाज वाटत होती.

“नुसत्या शब्दाने कुणाला पटत नाही हो. माणूस लागतो. म्हणून तुम्ही.”

“माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं? वायरी ओढल्या, झालं.”

“पण गोष्टीला एक अडथळा लागतो, मावशी. अडथळ्याशिवाय वाचणाऱ्याला पाझर फुटत नाही. सहा वर्षं तुम्ही टेलिफोनवर बसलात, वायरिंगला उशिरा आलात. का?”

वायरबाईंनी पक्कड दाबली. कट्‌ असा आवाज झाला. मग त्यांनी आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. सहज निघून गेली तोंडातून.

“विचारलं होतं मी. मालक म्हणाले, बाईच्या हातात पाळण्याची दोरी शोभते. वायर कशाला?”

मुलीने लिहून घेतलं.

तिचं काय चुकलं? कंपनी तीन खोल्यांची होती तेव्हापासूनची माणसं मालकांना मालकच म्हणत. नवी पोरं ‘सर’ म्हणत. या मुलीने ‘मालक’ हा शब्द फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता, आणि तिची आजी आजोबांना मालक म्हणायची.

खुर्चीत बसल्या बसल्या वायरबाईंना हे सगळं तारेसारखं लख्ख जुळत गेलं. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

नवरा रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो आठवत होता. आपण कधी असं बोललो का? दुकानातून दमून आल्यावर, चेष्टेत, कधीतरी? तो प्रामाणिकपणे चाळीस संसारी वर्षं धुंडाळत होता, हरवलेली किल्ली सगळ्या खिशांत चाचपावी तसा. आणि त्याला वाटत होतं, बायकोनेच हे सांगितलंय, म्हणजे बोललो असणार.

ज्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर रेडिओ उघडून तिला पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवलं, तो हा माणूस. ती टेलिफोनवर बसली त्या सहा वर्षांत त्याने घरात लाकडी फळीवर वायरी ठोकून ठेवल्या. “रोज दहा जोड करायचे. हात विसरायला नकोत,” म्हणायचा. आणि ती घरी सांगायची, जागा नाही म्हणाले. “नीट विचारलंस का? तू ना, तोंड उघडतच नाहीस,” तो करवादायचा. मग एकदा सगळे वायरमन बाहेरगावी असताना यंत्रणा बंद पडली, टेलिफोनवरची बाई आत गेली आणि तासाभरात ती सुरू झाली. त्यानंतर तिला कुणी बाहेर बसवलं नाही. विभागप्रमुख मात्र केलं नाही. ते आज करणार होते. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेल्या मालकांच्या मांडीवर पांढरं पाकीट होतं, त्यात ती नेमणूक होती.

“...पण आमच्या कंपनीने तिच्यातली ठिणगी ओळखली,” मुलगी शेवटच्या ओळीवर आली. टाळ्या झाल्या. “आता मावशींनी दोन शब्द बोलावेत.”

वायरबाई माइकजवळ गेल्या. आभाराचे दोन शब्द त्यांनी पाठ केले होते. ते एकदम पुसले गेले.

“एक चूक झालीय,” त्या म्हणाल्या. “चूक माझी. माझ्या बोलण्याची. ही पोर विचारत होती, वायरिंगला उशीर का झाला. मी म्हटलं, मालक असं म्हणाले. हिला वाटलं, मालक म्हणजे नवरा.”

सभागृह हसलं. सुटल्यासारखं, मोकळं.

“पण आमच्या घरात मालक कुणी नाही. आम्ही दोघंच असतो.”

आधी जुन्या माणसांचं हसू थांबलं. मग त्यांच्याकडे बघून नव्यांचं.

“मालक इथेच बसलेत.”

मुलीच्या हातातले कागद खाली घसरले. ते उचलायचंही तिला सुचलं नाही. मालकांनी आधी मागे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. मग स्वतःच्या छातीला बोट लावलं.

“मी? मी म्हणालो असं?”

ते सोंग नव्हतं. त्यांचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता.

“कधी, बाई?”

“बावीस वर्षं झाली. फाटकाजवळच्या जुन्या ऑफिसात. चहा आला होता.”

“मला खरंच आठवत नाही हो.”

“तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही म्हणालात आणि चहा घेतलात. ऐकलं मी होतं.”

त्या वाक्याने सहा वर्षं खाल्ली होती, आणि ते बोलणाऱ्याच्या जिभेवर चहाच्या घोटाइतकंही टिकलं नव्हतं. हे वायरबाईंना त्या क्षणीच कळलं. त्या स्वतःच हबकल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, मालकांच्याही ते लक्षात असेल. कुठेतरी टोचत असेल.

मालक मुलीकडे वळले. “ते वाक्य काढून टाका.”

“काढू नका, मालक,” वायरबाई म्हणाल्या. “कुणाचं ते तेवढं नीट लिहा.”

कुणी टाळी वाजवली नाही. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला आणि परत खाली घेतला. मालक उठून बाहेर गेले तेव्हा पाकीट त्यांच्याच हातात होतं. ते त्यांच्याकडे कुणी मागितलं नाही.

घरी दोघं चालत निघाले. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला, तेव्हा तो म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही तिथे जाऊन भांडला असता.”

“असतोच.”

“मग टेलिफोनही गेला असता.”

सिग्नल हिरवा झाला. तो मात्र जागचा हलला नाही. “आणि मी तुलाच बोलत राहिलो. तोंड उघडत नाहीस म्हणून.”

“मग? आज उघडलं ना.”

मागचे लोक दोघांना वळसा घालून पुढे गेले.

आठवडा गेला. पाकीट आलं नाही. दुसऱ्या कुणाला विभागप्रमुख केल्याचंही कानावर आलं नाही. जागा रिकामीच राहिली. वायरबाई रोज वेळेवर जात होत्या, केबल ओढत होत्या. आठव्या दिवशी ती मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते. पुस्तिका वायरबाईंच्या हातात देऊन ती गेली.

संध्याकाळी दोघांनी ती टेबलावर उघडली. कागद गुळगुळीत होता. हसऱ्या मुली, उजळ खिडक्या. त्याने चष्मा लावून पानं उलटली. दहा, अकरा, बारा.

“बारानंतर पंधरा कसं?”

तिने पाहिलं. खरंच, बारानंतर पंधरा.

“घ्या,” तो म्हणाला. “आता मी वाईटही नाही. निदान खलनायक तरी होतो.”

“मी तरी कुठे आहे?”

तो हसला. मग हसणं मध्येच सोडून त्याने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. पानं जिथे शिवली होती त्या घळीत, आत खोल, छापून झाल्यावर कापून काढलेल्या कागदाची केसाएवढी कड उरली होती. त्याने तिचं बोट धरलं आणि त्या कडेवर टेकवलं.

“इथे होतो आपण.”

तिने बोट काढलं नाही. कड धारदार होती.