असुंताचं काळं

"ढवळत राहा गं, नाहीतर डाग पडतील," असुंता म्हणाली. शेगडीवर, सॉसच्या मोठ्या पातेल्यात, तिचा निळा झगा काळ्या रंगात उकळत होता. मी, खालच्या मजल्यावरची नुन्झिया, पळी फिरवत होते.

तिचा नवरा गास्पारे ब्रुकलिनच्या गोदीत हमाल होता. गोदीवर दहशत असलेल्या डॉन अल्फियोच्या माणसांविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायला तयार झाला, आणि मार्चमध्ये एका सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. चार महिने झाले. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि सगळी गल्ली म्हणत होती, कॅलिफोर्नियाला गेला, कामधंद्यासाठी. मुडदा नाही म्हणून चर्चमध्ये शेवटची प्रार्थना नाही, कबर नाही. असुंताला निदान काळं तरी घालायचं होतं. आम्हा इटालियन लोकांत विधवेचा तेवढा हक्क असतो.

झगा वाळला. तो घालून ती एकदाच पाव आणायला गेली, आणि दुपारी डॉनचा माणूस तानो दारात हजर. हातात पीचची टोपली.

"वहिनी, हे काय? कोण गेलं?"

"माझा नवरा."

"काहीतरीच तुमचं! मजेत आहे तो तिकडे. तुम्ही अशा काळ्यात हिंडलात तर लोक विचारतील, कसा मेला, कुणी मारला. मग पोलीस येणार. कशाला उगाच?" तो माझ्याकडे वळून हसला. "काय नुन्झियाबाई, तुमचा पेप्पे अजून गोदीवरच ना? जरा समजवा यांना."

मी समजावलं. हो, मीच. मला माझा नवरा जिवंत हवा होता. तिच्या अंगावरचा झगा मीच उतरवला.

रविवारी ती चर्चला आली, पिवळ्या फुलांच्या झग्यात. पायऱ्यांवर डॉनची बायको उभी होती. सगळ्याजणी गप्प झाल्या. कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"गास्पारेचं पत्र आलं का गं?" मी विचारलं.

असुंता माझ्याकडे वळली.

"आलं ना. म्हणतो, इथे थंडीच नसते, माझा कोट आता कशाला ठेवतेस?"

"मग देऊन टाक की," डॉनची बायको म्हणाली.

सोमवारी जुन्या कपड्यांचा गाडीवाला आला. असुंता कोट घेऊन खाली उतरली. त्याच्या हाती देण्याआधी तिने तो गाडीवर नीट उताणा पसरला आणि गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण लावलं.